कन्हानच्या मासोळ्या

अरे, मी नागपुरात कसा राहिलो ते ऐका. एका दूरच्या बेटावर राहून बेटांचं अर्थकारण शिकलो आणि नागपुरात सक्करदऱ्याला घरी आलो, ते परत बेटावर जायचं ठरवूनच. जेवताना आईला म्हणालो, “त्या बेटावर नारळ आणि मासे सोडून काही नाही. तरी होडी किनाऱ्याला लागली की पहिला वाटा, ज्या घरचा कर्ता माणूस गेला, त्या घरी जातो. असे लोक आहेत का आपल्याकडे?”

“तुहा बाप गेल्यावर कन्हान नदीवरची सखूमावशी दर रविवारी मासोळ्या आणे, आठवते?”

“हो. तू इकत घेत होती.”

“इकत कोण घेतल्या गा? जाळं निघालं का पहिले आपल्या घरच्या काढून ठेवे ते. आता थकली. रविवारी तिले डबा देऊन ये, मंग जा तुह्या बेटावर.”

गेलो. डबा उघडायच्या आधीच मावशीनं विचारलं, “पुढच्या रविवारी येशील ना गा?”

बेट राहिलंच.