आधी थोरला

हृदयाच्या डॉक्टरांकडे पुढचा नंबर शिंपीणकाकूंचा होता, पण त्यांचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्या भावांकडे लागले होते.

"गोळी घेतलीस?"

"घेतली, दादा. अ‍ॅटॅक आल्या दिवसापासून चालू आहे. कोलेस्टेरॉल लगेच उतरवलं की हृदय लवकर सावरतं म्हणे."

"थोरला मी, आणि अ‍ॅटॅक आधी तुला!"

"चुकलं, दादा."

"लग्न आधी माझं, टक्कल आधी माझं, कवळीसुद्धा आधी माझी. आणि गोळी तुला?"

"तुम्हाला कशाला गोळी?"

"परवापासून छातीत कळ येतेय."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"धाकट्याच्या मागून आली. कुठल्या तोंडाने सांगू?"

शिंपीणकाकूंनी आपल्या नंबराची चिठ्ठी धाकट्याच्या हातात कोंबली. त्याने ती थोरल्यापुढे धरली.

"उठा, दादा. आत आधी तुम्हीच."