तुळशीच्या डोक्यावरचा दिवा

संध्याकाळच्या म्हापसा-पेडणे बसमध्ये निहारच्या पुढच्या सीटवर सासू-सून बसल्या होत्या. तो नुकताच वनस्पतिशास्त्राचा पदवीधर झाला होता, त्यामुळे विषय कळताच त्याचे कान पुढे सरकले.

"काल राती तुळशीपुढचो दिवो इजवलंस? माझ्या घरात?"

"आई, दिवा नाही तो. रोपं वाढवायचा बल्ब आहे. समोर इमारत उठली, ऊन येईना, म्हणून मीच आणला ना?"

"तुळशीच्या डोक्यार पेटता तो दिवोच."

"चौदा तास पुरे होतो तिला. तुम्ही रात्रंदिवस पेटता ठेवता. पानं पिवळी पडली, कडा वळल्या."

"तू इजवतंस म्हणान पिवळी पडली!"

"मी रात्री बंद करते, तुम्ही उठून परत लावता!"

"लावतलंयच! जुनी तुळस मेली. पुढच्या महिन्यात ह्या रोपाचा लगीन लावचा आसा. तां पण मरूक होया तुका?"

निहार काही सांगणार, तोच सून सासूकडे वळली.

"बरं, एक सांगा. तिन्हीसांजेनंतर मी तुळशीचं पान तोडलं की तुम्ही ओरडता. का?"

"ती निजता तेव्हा. निजलेल्याक हात लावू नये, इतक्याय कळना नाय तुका?"

"आणि निजलेल्याच्या डोळ्यांवर बल्ब ठेवावा?"

कोलवाळचा पूल आला आणि गेला. बाहेर काळोख पडू लागला होता.

"ह्या आधी सांगूक तुझी जीभ झडली होती?"

"आई, मी—"

"तुझो घोव घरात आसा. त्याका फोन लाव. बटण बंद कर म्हणान सांग."

सुनेने नवऱ्याला फोन लावला.

"आणि बंद करताना आधी हात जोड म्हण त्याका!"