आकडा अण्णा सांगायचे

हिशेबवाल्या बाई : …आणि या एका ओळीपायी तुमचा सगळा महिना अडकलाय. बघा ना. पहिल्या इमारतीच्या नावापुढे गाडीच्या मीटरचा आकडा आहे, दुसरीच्या नावापुढे रिकामं.

लिफ्टवाला : हो.

बाई : हो काय? आज शेवटची तारीख. ओळ रिकामी दिसली की साहेब अख्खं पेट्रोलचं बिल परत पाठवतात.

लिफ्टवाला : पाठवू देत.

बाई : वा! स्वतःची गाडी कंपनीच्या कामाला जुंपायची आणि पेट्रोलही पदरचं घालायचं? थांबा, मी अंदाजे टाकते काहीतरी.

लिफ्टवाला : अंदाजे नको. अण्णांनी कधी अंदाजे सांगितलं नाही.

बाई : कोण अण्णा?

लिफ्टवाला : वडील. आकडा तेच सांगायचे. आई गेल्यापासून घरात एकट्याला बसवायचं नाही, म्हणून कामावर माझ्यासोबत यायचे. मी वर लिफ्ट दुरुस्त करेपर्यंत काच खाली करून पेपर वाचत बसायचे. गाडी थांबली की चष्मा सारखा करून मीटर वाचायचे. मोठ्याने. मग मी वहीत लिहायचो.

बाई : अय्या, म्हणजे फोनवर माझ्याशी भांडले ते? एका किलोमीटरसाठी?

लिफ्टवाला : तेच. कंपनीचा एक खायचा नाही आणि आपला एक सोडायचा नाही, म्हणायचे.

बाई : घाम फोडला होता हो मला! मग त्यांनाच विचारा की. एवढा चोख माणूस, तोंडपाठ असेल त्यांना.

लिफ्टवाला : गेले ते. ही ओळ रिकामी राहिली, त्याच दिवशी.

बाई : अगं बाई… मी कालच रजेवरून आले. मला कुणी बोललंच नाही.

लिफ्टवाला : असू द्या.

बाई : कसं झालं?

लिफ्टवाला : दुसऱ्या इमारतीत लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. गाडी उभी केली, वही काढली, म्हटलं, अण्णा, आकडा. बोलले नाहीत. वाटलं, डोळा लागलाय. झोपू दे, आल्यावर लिहू. आणि वर गेलो.

बाई : आणि खाली आलात तेव्हा…

लिफ्टवाला : तसेच होते. डॉक्टर म्हणाले, तुम्ही वर जायच्या आधीच सगळं संपलं होतं. खरंच तसं, की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, कुणास ठाऊक.

बाई : पाणी घ्या जरा.

लिफ्टवाला : नको. मला काही होत नाही ताई. बहीण गळ्यात पडून रडली, तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की पंखा पुसायला झालाय. लोक माझ्या तोंडाकडे बघत बसतात, आता रडेल, मग रडेल. मलाच त्यांची कीव येते.

बाई : गाडी कुठाय?

लिफ्टवाला : तिथेच. त्यांच्यासोबत अॅम्ब्युलन्समधून गेलो, तेव्हापासून तिथेच आहे. वॉचमनचे सारखे फोन येतात, गाडी काढा म्हणून.

बाई : म्हणजे मीटरवर आकडा अजून तोच असेल.

लिफ्टवाला : तोच. पण किल्ली फिरवल्याशिवाय दिसत नाही.

बाई : मग फिरवायची किल्ली.

लिफ्टवाला : फिरवेन हो. पण मग गाडी काढावी लागेल. काढली की तो पुढे सरकणार.

(बाई पर्स उचलतात.)

बाई : चला. मी येते.

लिफ्टवाला : आज शेवटची तारीख ना? तुमचं काम?

बाई : टेबल कुठे पळून जात नाही माझं. मी मागे बसेन. पुढची सीट त्यांची, ती तशीच राहू दे.

लिफ्टवाला : मागून मीटर दिसत नाही ताई.

बाई : मला दिसायला कशाला हवा? तुम्ही वाचा. मोठ्याने. वही द्या इकडे, मी लिहिते.