दोन विषयांतलं एकच वचन

आनंद नगरच्या एका हृदयरोगतज्ज्ञाकडे माझ्या शेजारी एक वयस्कर जोडपं बसलं होतं. नवऱ्याने मोबाइलवरच्या बायबलच्या अ‍ॅपमध्ये विषयवार वचनं जमवली होती. काकू ती यादी नीट लावत होत्या.

"अहो, 'अंत्यविधी' हा विषय कधी केलात?"

"परवा. तुझी ऐनवेळी शोधाशोध नको."

"यात एकच वचन टाकलंय, आणि ते 'लग्न'मध्ये आधीच आहे."

"आपल्या लग्नात पाळकांनी वाचलं होतं ते."

"माहितीये मला. दोन ठिकाणी कशाला? एकीकडचं काढते."

"कुठलं काढतेस?"

"…असू दे दोन्हीकडे. पण हा विषय सगळ्यात वर दिसतोय. खाली सरकवते."

"किती खाली?"

"जाईल तितका."