भीती घालवायचं इंजेक्शन

अँजिओप्लास्टीला जायच्या भीतीने घाटंजीच्या मारोतरावांना घाम फुटला, तेव्हा सिस्टरने त्यांना इंजेक्शन दिलं. शेजारच्या खाटेवर नंबराची वाट पाहणाऱ्या रजनीताईंचे कान पडद्याला लागले. पलीकडे मारोतराव उशाशी उभ्या बायकोला सांगत होते,

"विमल, भिऊ नोको. मी येतो वापस."

"सिस्टर, हे काय बोलून राह्यले? रक्त पातळ करायच्या गोळ्या डोक्यात त नाही गेल्या?"

"काय झालं, मावशी?"

"लगन झाल्यापासून मले कधी नावानं हाक नाही मारली. आधी 'अवं', मंग 'पिंटूची माय'."

"भीती घालवायचं इंजेक्शन आहे ते. थोडी गुंगी येते, मग उतरते."

"उतरलं का पुन्हा पिंटूची माय?"

"बहुतेक."

वॉर्डबॉयने स्ट्रेचर हलवलं.

"थांबा जरासं, भाऊ. अहो, उतराच्या आधी अजून एकडाव म्हना."