दगडावरचा उतार

पुलाजवळच्या बसथांब्यावर गुडघाभर उंचीचा नवा दगड बसवला होता. तो कोरणारा पाथरवट रांगेत होता. पुढे इस्पितळात निघालेल्या नणंद-भावजय. त्याने कान टवकारले.

“वहिनी, ‘येथे जुना उतार होता’ म्हणे. रस्ता तर सपाट आहे.”

“अहो वन्सं, पूल नव्हता तेव्हा लोक इथून पायी नदी ओलांडायचे. कमी पाण्याची जागा म्हणजे उतार.”

“मग तसं लिहायला दगड पुरला नाही?”

पाथरवट चपलांकडे बघू लागला.

“थांबा, यांचा फोन... हो... हो का? बरं, येतोच.”

“काय म्हणाला दादा? आई कशी आहे?”

“उतार पडलाय. पहाटेपासून ताप नाही. चहा मागितला आणि पांचट म्हणून परत पाठवला.”

नणंद मटकन दगडावरच बसली.

“आता त्याच दगडावर बसलात?”

“बसू दे, वहिनी. शब्द चांगला आहे.”