खुर्चीत मी बसत नाही

…आणि वर मलाच विचारतात, "अंकल, व्हीलचेअर?" अहो, कोणाला? दोन पायांवर उभा आहे मी तुमच्यासमोर, हातात काठी नाही, गुडघ्याला पट्टा नाही, आणि ती निळ्या कोटातली पोरगी खुर्ची पुढे सरकवते, जसा काय मी आत्ताच ऑपरेशनच्या टेबलावरून उतरलोय. दोन हजार अकरा साल, भाद्रपद, अनंत चतुर्दशी होऊन पितृपंधरवडा लागलेला, लालबागच्या रस्त्यावरचा गुलाल अजून पुरता गेला नव्हता. साल मुद्दाम सांगतो, नाहीतर म्हणाल तात्या वाढवून बोलतो. पितरांच्या पंधरवड्यात माणूस साधं पनवेलला जात नाही, आणि मला अमेरिकेला धाडतात. का? तर पॉइंटवर सीट मिळते.

आता हे पॉइंट काय ते ऐका. माझा मुलगा रघुवीर, तिकडे न्यू जर्सीला असतो, कॉम्प्युटरवर. त्याने मला तिकडचं कार्ड काढून दिलं, हिरवं. म्हटलं, झालं एकदाचं. तर नाही. ते कार्ड जिवंत ठेवायचं तर दरसाल जाऊन तोंड दाखवायचं. म्हणजे हजेरी. मी मिलमध्ये बदलीवर लागलो तेव्हा असंच, काम मिळो न मिळो, सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, हजेरी चुकली की बदलीचं कार्ड गेलं. इतकी वर्षं झाली, संप झाला, मिल गेली, चिमणी गेली, तिथे काचेचा टॉवर आला, आणि मी अजून कार्ड टिकवायला गेटवर उभाच. गेट तेवढं लांब गेलं.

एवढ्या हजेऱ्या लावल्या, दर फेरीला विमान कंपनीचे पॉइंट जमले, म्हणून कंपनीने आणखी एक कार्ड दिलं, सोनेरी. सोनेरीवाल्याला बसायला वेगळी खोली, गालिचा, कोच, खाणं फुकट. सकाळच्या पारी दारूसुद्धा. लोक ताटं भरून घेतात आणि निम्मं टाकून उठतात. मी एक चहा घेतो आणि कप विसळायला मोरी शोधतो. मोरी नसते. पोरगी हातातून कप ओढून घेते, मी सोडत नाही, सगळे बघतात… असली ती इज्जत.

आत शिरायचं तर झडती. पट्टा काढा, बूट काढा, हात वर करा. आमची मिलच्या गेटवर झडती व्हायची, पण ती सुटताना, कोणी कापड पोटाला गुंडाळून नेतोय का म्हणून. इथे जायच्या आधीच. म्हणजे चोरी करायच्या आधीच चोर.

पण हे सगळं मी सोसतो. झोपेचंही सोसतो. रघुवीर म्हणतो, बाबा, जेट लॅग येईल. अरे, आयुष्यभर एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा तिसरी. तुझा जेट लॅग आमच्या पगारात धरलेला होता. विमानाचा आवाज तर मला गोड लागतो. त्या घरघरीत मी असा झोपतो, आणि रघुवीरच्या बंगल्यात एवढी शांतता की डोळ्याला डोळा लागत नाही. ते सगळं ठीक. पण खुर्चीत मी बसत नाही.

तरी दरवेळी रघुवीर माझ्या नावाने खुर्ची सांगून ठेवतो. का, तर मला इंग्रजी वाचता येत नाही, एअरपोर्टवर हरवेन. खुर्चीत बसलं की ढकलणारा बरोबर दारात नेऊन सोडतो. आपल्याकडची निम्मी म्हातारी माणसं अशीच जातात, पाय धडधाकट, तोंड गरिबासारखं. ओळीने खुर्च्या निघतात, पालख्याच जणू. आणि तिकडे उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याशी बघा, त्याच बाया लोणच्याच्या बरण्यांची बॅग एका हाताने उचलून पळत असतात. माझी बायको शांता आधीच तिकडे गेलेली, ती फोनवर सांगते, "तुमका इंग्रजी वाचूक येता? नाय मा? मग गप खुर्येर बसा." मी म्हटलं, आकडे येतात ना? गेट म्हणजे आकडाच. खुर्चीत मी बसत नाही.

कारण आहे. सांगतो.

ब्याऐंशीचा पावसाळा. संप ऐन भरात. मोर्चा निघाला, कशी कोण जाणे पळापळ झाली, माझा पाय गटाराच्या जाळीत अडकला आणि घोटा मोडला. लोक अंगावरून गेले. मला उचलला कोणी, तर कुशाबाने. कुशाबा म्हणजे माझ्या शेजारच्या साच्यांवरचा. आम्ही मागाला साचा म्हणतो. माणूस साताऱ्याकडचा, मी कोकणातला, तो मला बोंबील म्हणायचा, मी त्याला घाटी, दोस्ती अशी. टॅक्सी कुठे त्या दिवशी? त्याने भाजीवाल्याची हातगाडी ओढून आणली, मला घातला वर आणि लालबागहून परळला केईएम इस्पितळापर्यंत ढकलत नेला. पावसात. भर रस्त्यातून. गाडीत कांद्याची सालं, त्यात मी. चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या, वरून विचारतात, "काय रे कुशाबा, तात्याला काय भाव लावलास?" आणि हा ओरडतोय, "बाजूला व्हा, माणूस हाय, कांदं न्हाईत." अख्ख्या लालबागने बघितलं. मी चादर तोंडावर घेतली, तर लोकांनी हात जोडले.

त्या दिवशी ठरवलं. चाकावर बसून कोणाकडून ढकलून घ्यायचं नाही. मेल्यावरसुद्धा खांद्यावरून न्या.

उपकार तर झाला होता. तो फेडणार होतोच. पण पुढच्या हिवाळ्यात कुशाबा कामावर गेला. संप मोडला नव्हता, हा गेला. पोलिसांच्या गाडीतून, खाली मान घालून. मी गेटसमोर उभा होतो, कुबडीवर. त्या दिवसापासून बोलणं बंद. एकाच मजल्यावर राहायचो, एकाच नळावर पाणी भरायचो, त्याच्या बायकोच्या मयताला गेलो, खांदा दिला, बोललो नाही. मग चाळ पाडली, तो बदलापूरला गेला, संपलं. उपकार तेवढा अंगावर राहिला. आणि ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचा उपकार फेडायचा कसा, सांगा मला. दाढेत अडकलेल्या काट्यासारखं ते.

तर अरबांच्या गावात विमान बदललं, खुर्ची घेऊन आला त्याला परत पाठवला, आकडे वाचत गेटवर गेलो, लांब पल्ल्याच्या विमानात चढलो, माझी पॅसेजची सीट, पट्टा लावला, आणि सहज बाजूला बघतो, तर पॅसेजच्या पलीकडच्या सीटवर कोण? कुशाबा. पांढरी टोपी, नवा स्वेटर, पायात कोणाचे तरी मोठे बूट, मांडीवर पिशवी आणि पिशवीला दोन्ही हातांनी मिठी. त्याने माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या टीव्हीकडे बघितलं. टीव्ही बंद होता.

एवढं मोठं विमान. शेकडो माणसं. आणि देवाला नेमकी हीच सीट सापडली. उतरायची सोय नाही, तिकडे महासागर.

हवाईसुंदरीने पिशवी मागितली, वर ठेवते म्हणाली. कुशाबा देईना. "लाडू हायती. डिंकाचं. लेकीला." तिला काय कळणार? शेवटी पिशवी सीटखाली गेली आणि ह्याने तिच्यावर पाय रोवले. मला कळलं. ललिता बाळंत झाली असणार. त्याची मुलगी, तिकडे नर्स आहे.

आता खरी गोष्ट ऐका. साचेखात्यात एवढा आवाज असायचा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. अंगठा ओठाला, चहा. मिशी पिळली, जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, येतोय. तळहात एकमेकांवर झटकले, पाळी सुटली, हिशेब संपला, चला घरी. आणि रीत अशी, की साचे सोडून लघवीला जायचं तरी शेजाऱ्याला खूण करायची, दोन बोटं डोळ्यांना लावून अंगठा मागे. म्हणजे माझे साचे बघ, येतो. शेजाऱ्याने मान हलवली तरच जायचं. नाही हलवली तर जायचं नाही. कळ सोसायची.

विमान वर गेलं, जेवणं झाली, चिकन संपलं होतं, ते नेहमीच माझ्या रांगेला येईपर्यंत संपतं, सोनेरी कार्ड असो नाहीतर हिऱ्याचं. आणि कुशाबाने खूण केली. दोन बोटं डोळ्यांना, अंगठा खाली पिशवीकडे. पिशवी बघ, येतो.

मी मान हलवली नाही. का हलवू? बोलणं बंद आहे.

तो उठला नाही.

मी उठलो. मी विमानात बसून राहत नाही, उभ्याने काम केलेली जात आमची, दोन साच्यांमध्ये फिरावं तसा पॅसेजमध्ये फेऱ्या मारतो. प्रत्येक फेरीला कुशाबा तीच खूण करतो, आणि मी पुढे जातो. लोक झोपले, उठले, सिनेमे बघितले, पोरं रडून थकली. हा तसाच. खिळल्यासारखा. अरे, डिंकाचे लाडू कोण चोरणार आहे? शेजारी गोरी बाई, तिला डिंक म्हणजे काय ते तरी ठाऊक असेल का? पण नाही. रीत म्हणजे रीत. टीव्हीवरचं ते लहान विमान समुद्रावर अडकून पडलेलं, पुढे सरेना, आणि ह्याचा चेहरा हळूहळू राखेसारखा… मग मी विचार केला. बोलायचं नाही असं ठरलं होतं. मान हलवायची नाही असं काही ठरलेलं नव्हतं.

हलवली.

तो उठायला गेला आणि बसला. परत उठला. बसून बसून पाय सुजले होते, दुधीभोपळ्यासारखे. सीटा धरत धरत गेला. मी पिशवीवर नजर ठेवली. आला तेव्हा त्याने अंगठा ओठाला लावला. चहा? मी मान हलवली. आता एकदा हलवली होती.

मग काय, हात सुटले. त्याने मिशी पिळली आणि वर बोट केलं. आपला जॉबर गेला. मी मनगटावर बांगड्या दाखवून पुढे बोट केलं. शांता तिकडे आहे. हवाईसुंदरी बघत होती. तिने दुसरीला बोलावलं, दोघींचे डोळे पाणावले, दोन मुके म्हातारे, किती मायेने बोलतात. त्यानंतर आमची काय बडदास्त! आइस्क्रीम दोनदा. उशी आणखी एक. आणि कुठून तरी चिकन निघालं. एवढी वर्षं सोनेरी कार्ड दाखवतोय, चिकन नाही मिळालं, मुका झालो तर मिळालं.

आणि मग कुशाबाने एका हाताने पाळणा हलवला. मला वाटलं नातवंडाचं सांगतोय. पण दुसरा हात त्याने कपाळाला लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. मग खालच्या पिशवीकडे बोट. मग दोन्ही मनगटं जोडून मान खाली. पोलिसांची गाडी.

ललिता तापली होती, त्या हिवाळ्यात. घरात काही नव्हतं. म्हणून गेला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी काही खूण केली नाही. साचेखात्यात त्याला खूणच नव्हती.

विमान उतरलं. कुशाबाने बूट घालायला घेतले, पाय आत जाईना. बूट पिशवीत लाडवांवर ठेवले आणि मोज्यांवर निघाला, दोन पावलं टाकली आणि भिंत धरली. दाराबाहेर एक धिप्पाड माणूस, हातात माझ्या नावाची पाटी, पुढे खुर्ची. एकच.

मी कुशाबाला बोट केलं. बस. त्याने मान हलवली. नाही. उलट मलाच बोट केलं. तू. तो माणूसही माझं तिकीट बघून म्हणाला, "यू, सर. सिट."

मी म्हटलं, खुर्चीत मी बसत नाही. हे त्या माणसाला सांगितलं. कुशाबाला नाही.

मग कुशाबाच्या खांद्यावर हात ठेवून दाबला. बसला. पिशवी मांडीवर. तो माणूस मुठी धरायला आला तर मी हात आडवा घातला. "नो. आय पुश." सर, नियम, सर, माझं काम, असलं काहीतरी तो बोलत राहिला, मग खांदे उडवून आमच्या पुढे चालायला लागला, गर्दी बाजूला करत. हे बरं झालं, हातगाडीच्या वेळी कोणी नव्हतं.

लांबच लांब पॅसेज, गालिचा, चढ, उतार. माझा मोडलेला घोटा अजून थंडीत दुखतो, तो दुखत होता. लोक वळून बघत होते, एक म्हातारा दुसऱ्या म्हाताऱ्याला ढकलतोय. कुशाबाने टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. साहेबाच्या खिडकीशी साहेबाने विचारलं, हा तुमचा भाऊ काय? मी म्हटलं, "सेम मिल." त्याने दोन्ही पासपोर्टांवर शिक्के मारले.

बाहेर रघुवीर, शांता, आणि जरा पलीकडे ललिता, कुशीत बाळ. ललिता "आबा, पायांना काय झालं" करत धावली. रघुवीर डोक्याला हात लावून म्हणाला, "बाबा, खुर्ची तुमच्यासाठी सांगितली होती. ढकलताय कोणाला?"

मी म्हटलं, "लालबाग ते केईएम."

त्याला काय कळणार? शांताला कळलं, तिने पदर तोंडाला लावला. मी खुर्ची ललिताच्या गाडीपर्यंत नेली, ब्रेक लावला, मुठी सोडल्या. कुशाबा लेकीला धरून उठला, माझ्याकडे वळला, पिशवी काखेत दाबली आणि दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले.

मीही झटकले.

फिटलं.